‘दाद’ आणि ‘प्रतिकार’ : ल्युकेमियावरील एका औषधप्रयोगाची भाषिक चिकित्सा

औषध आणि रोग ह्यांच्या संबंधाविषयी बोलताना मराठी माणूस मुख्यतः तीन वाक्प्रयोग करतो. औषध रुग्णाला ‘लागू पडते’; रुग्णाला औषधाचा ‘गुण येतो’; आणि रोग औषधाला ‘दाद देतो’ किंवा देत नाही. बीड जिल्ह्याच्या बोलीत ह्यांच्या जोडीला ‘फरक पडणे’ हाही प्रयोग सर्रास ऐकू येतो, आणि ‘गोळ्यांनी फरक पडंना’ हे वाक्य तेथील कोणत्याही दवाखान्याच्या ओसरीवर कानी पडण्याजोगे आहे. स्थूलमानाने पाहता ह्या सर्वांचा अर्थ एकच वाटतो. परंतु पहिल्या तीन प्रयोगांचे कर्ते भिन्न आहेत, ही गोष्ट व्याकरणाच्या विद्यार्थ्याच्या नजरेतून सुटू नये. ‘लागू पडते’ ते औषध. ‘येतो’ तो गुण, आणि रुग्ण तेथे चतुर्थीत, म्हणजे ज्याला अनुभव यावयाचा त्याच्या स्थानी. ‘दाद देत नाही’ तो रोग. उपचार निष्फळ झाला असता दोष कोठे शोधावयाचा, ह्याचे तीन निरनिराळे निर्देश ह्या तीन वाक्यांत आहेत.

वैद्यकविषयक मराठी लेखनात मात्र ह्या तिन्हींच्या जागी एकच शब्द येऊन बसलेला आढळतो : ‘औषधप्रतिकार’, क्वचित् ‘प्रतिरोध’. मधुमेहावर दिल्या जाणाऱ्या एका औषधाने ल्युकेमियातील असा ‘प्रतिकार’ मोडता येईल काय, ह्या प्रश्नावर गेल्या दशकात जे संशोधन झाले, त्याची मराठीत मांडणी करताना हा एकच शब्द किती अपुरा पडतो ते स्पष्टपणे दिसून येते. म्हणून त्या संशोधनाचा मजकूर आणि त्याची भाषा ह्या दोहोंची तपासणी येथे एकत्र करावयाची आहे.

प्रथम रोगाचा परिचय आवश्यक आहे. दीर्घकालिक मज्जाजन्य ल्युकेमिया हा रक्ताच्या कर्करोगाचा एक प्रकार होय. नॉवेल आणि हंगरफर्ड ह्या दोन संशोधकांना १९६० साली फिलाडेल्फिया येथे ह्या रोगाच्या पेशींत एक आखूड गुणसूत्र दिसले. त्यास पुढे त्या शहराचेच नाव मिळाले. नवव्या आणि बाविसाव्या गुणसूत्रांचे तुकडे परस्परांत बदलल्याने ते तसे दिसते, हे १९७३ मध्ये जॅनेट राउली ह्यांनी दाखविले. ह्या अदलाबदलीतून दोन जनुके जोडली जातात, त्यांच्यापासून एक अखंड चालू राहणारे विकर निर्माण होते, आणि त्याच्या चिथावणीने पांढऱ्या पेशी बेसुमार वाढतात. ह्या विकराच्या खोबणीत जाऊन बसणारे इमॅटिनिब हे औषध २००१ मध्ये अमेरिकेत मान्य झाले. ज्या रोगात पूर्वी काही वर्षांचेच आयुष्य उरे, त्यात दहा वर्षांनंतरही ८३ टक्क्यांहून अधिक रुग्ण जिवंत असल्याचे २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अहवालात नमूद आहे. अर्वाचीन औषधशास्त्रातील हे एक निर्विवाद यश म्हटले पाहिजे.

तथापि ह्या यशाला एक शेपूट आहे. इमॅटिनिब वाढणाऱ्या पेशी मारते; पण मज्जेत काही रोगट मूलपेशी निद्रिस्त असतात, त्या वाढतच नाहीत, आणि जगण्यासाठी त्या उपरोक्त विकरावर अवलंबूनही नसतात. त्यामुळे त्या शिल्लक राहतात. फ्रान्समधील एका अभ्यासात, ज्यांच्या रक्तात रोगाचा मागमूस लागत नव्हता अशा शंभर रुग्णांची गोळी थांबविण्यात आली. २०१० मध्ये त्याचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. ज्यांची पाहणी किमान एक वर्ष झाली होती, त्यांच्यापैकी सुमारे साठ टक्क्यांच्या रक्तात रोगाची चिन्हे पुन्हा उमटली होती. सुदैवाने गोळी परत सुरू करताच तो पुन्हा आटोक्यात आला. ‘रिपोर्टमध्ये काही नाही’ आणि ‘शरीरात काही नाही’ ही दोन वाक्ये एक नव्हेत, हे ह्यावरून ध्यानी येईल.

फ्रान्समधील संशोधकांचाच एक निबंध २०१५ मध्ये ‘नेचर’ नियतकालिकात आला. पायोग्लिटाझोन हे औषध शर्करेच्या चयापचयाशी संबंधित असा पेशीतील एक ग्राही, पीपीएआर-गॅमा, उद्दीपित करते. त्यायोगे स्टॅट-५ ह्या प्रथिनाची निर्मिती घटते. आणि रोगट मूलपेशींना निद्रिस्त ठेवणारी यंत्रणा ह्याच प्रथिनावर विसंबून असल्याने त्या पेशी जाग्या होतात. जागी झालेली पेशी इमॅटिनिबच्या तावडीत सापडते. इमॅटिनिब चालू असूनही ज्यांच्या रक्तात रोगाचा अवशेष टिकून होता अशा तीन रुग्णांना काही काळ पायोग्लिटाझोन देण्यात आले. तिघांतही तो अवशेष दिसेनासा झाला, आणि पायोग्लिटाझोन थांबविल्यानंतर कमाल ४.७ वर्षांपर्यंत ही स्थिती टिकली. पुढे २०१७ मध्ये २४ रुग्णांवरील प्रयोग प्रसिद्ध झाला. प्रमाणित आरंभपातळीच्या सुमारे बत्तीस हजाराव्या हिश्शापर्यंत रोग उतरणे, ही त्यातील कसोटी होती. वर्षभरात तेथवर पोहोचणाऱ्यांचे प्रमाण ५६ टक्के भरले. केवळ इमॅटिनिबवर असलेल्या समांतर गटात ते २३ टक्के होते.

आकडे उत्साहवर्धक आहेत ह्यात शंका नाही. परंतु चिकित्सक वाचकाने येथे दोन गोष्टी लक्षात घेतल्या पाहिजेत. पहिली प्रयोगरचनेची : चोवीस ही संख्या लहान, आणि समांतर गट चिठ्ठ्या टाकून पाडलेला नव्हता, त्यामुळे ५६ आणि २३ ह्यांच्यामधील सर्व अंतर पायोग्लिटाझोनच्या खात्यावर मांडता येत नाही. दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची असून ती सर्वस्वी भाषेची आहे. ह्या चोवीस रुग्णांत इमॅटिनिब निष्फळ झालेले नव्हते. उलट त्यांना त्याचा चांगलाच गुण आलेला होता. केवळ शेवटचा अंश राहिला होता. तेव्हा ‘मधुमेहाच्या औषधाने ल्युकेमियातील औषधप्रतिकारावर मात’ अशा धाटणीचे जे वाक्य ह्या संशोधनाविषयी सहज लिहिले जाते, त्यातील ‘प्रतिकार’ कोणी केला होता? निद्रिस्त पेशी प्रतिकार करीत नाही. ती लढतच नाही, म्हणूनच वाचते.

‘प्रतिकार’ ह्या शब्दाची अडचण येवढ्यावर संपत नाही. मराठीत हा शब्द आधीच ‘रोगप्रतिकारशक्ती’ ह्या समासात रुजलेला आहे, आणि तेथे प्रतिकार करणारे शरीर हे वाचकाच्या पक्षाचे आहे. प्रतिकार वाढला तर चांगले, घटला तर वाईट, असा ह्या शब्दाचा भाव सामान्य मराठी वाचकाच्या मनात पक्का आहे. तोच शब्द कर्करोगाच्या पेशीस लावला की सर्व दिशा उलटतात. ‘रुग्णात औषधप्रतिकार निर्माण झाला’ हे वाक्य वाचून एखाद्या नातेवाइकास समाधान वाटले तर त्यास हसण्याचे कारण नाही; त्याने मराठी बरोबरच वाचले आहे.

आता बोलीतील तीन प्रयोगांकडे पुन्हा वळू जाता, उपचार निष्फळ होण्याचे तीन भिन्न प्रकार त्यांच्या साह्याने वेगळे करता येतात असे दिसते. काही रुग्णांत विकरातील ३१५ व्या स्थानी थ्रिओनीनऐवजी आयसोल्युसीन हे अमिनो आम्ल येते. खोबणीचा आकार बदलतो आणि इमॅटिनिब तेथे बसतच नाही. येथे औषध ‘लागू पडत नाही’, आणि पायोग्लिटाझोनने खोबणी दुरुस्त होणार नाही. दुसऱ्या प्रकारात औषध योग्य आहे, रोगही त्यास वश होण्याजोगा आहे, पण औषध रुग्णापर्यंत पुरेसे पोहोचत नाही. येथे रुग्णाला ‘गुण येत नाही’. तिसऱ्यात रोगाचाच एक भाग औषधाची दखल घेत नाही : तो ‘दाद देत नाही’. २०१५ आणि २०१७ चे संशोधन केवळ ह्या तिसऱ्या प्रकाराविषयी आहे. बोलणारे हे भेद काटेकोरपणे पाळतात, असा दावा येथे नाही. एकच माणूस एकाच श्वासात तिन्ही प्रयोग करील. परंतु परिभाषा घडविणाराला हाताशी असलेले द्रव्य कोणते, एवढे ह्यावरून कळावे.

‘दाद’ ह्या शब्दाचा इतिहासही ह्या अर्थाला पोषक आहे. फारसीत त्याचा अर्थ न्याय. ‘दाद मागणे’, ‘दाद लागणे’, ‘दादफिर्याद’ हे प्रयोग कचेरीतून मराठीत आले, आणि १९४८ पर्यंत हैदराबाद संस्थानात असलेल्या बीडसारख्या जिल्ह्यात फारसी-उर्दूच्या सहवासाने ते अधिकच मुरले. अर्जदार उभा आहे आणि अंमलदार मान वर करून पाहत नाही, हे चित्र ‘दाद न देणे’ ह्या प्रयोगाच्या मुळाशी आहे. अंमलदार अर्जदाराशी झगडत नाही. निद्रिस्त पेशीचे वर्तन ह्याहून अचूक शब्दांत सांगणे कठीण आहे.

दुसऱ्या प्रकाराची उपेक्षा तर सर्वांत घातक होय. लंडन येथील ८७ रुग्णांचा एक अभ्यास २०१० मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात गोळीच्या बाटलीच्या झाकणात सूक्ष्म यंत्र बसवून ती केव्हा उघडली गेली ह्याची नोंद ठेवली होती. ठरविलेल्या मात्रांपैकी ९० टक्क्यांहून अधिक घेणाऱ्यांत सहा वर्षांत समाधानकारक रेणवीय प्रतिसाद मिळण्याची शक्यता ९४.५ टक्के, तर त्याहून कमी घेणाऱ्यांत २८.४ टक्के भरली. म्हणजे ज्यास ‘प्रतिकार’ म्हणून नोंदविले जाते, त्यातील बराच भाग न घेतलेल्या गोळ्यांचा असू शकतो. हे लंडनचे झाले. बीड जिल्ह्यातून दरवर्षी लाखो माणसे दिवाळीच्या आगेमागे उचल घेऊन ऊसतोडणीस पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात जातात व उन्हाळ्याच्या तोंडाशी परततात. नवराबायकोचा मिळून एक ‘कोयता’ मोजला जातो. एकाने खाडा केला तर कोयता मोडतो. भारतात हा ल्युकेमिया पाश्चात्त्य देशांच्या मानाने पुष्कळ कमी वयात, भर उमेदीच्या काळात आढळतो हे लक्षात घेतले, म्हणजे रोजची एक गोळी वर्षानुवर्षे न चुकता घेणे, आणि ती संपण्यापूर्वी फडावरून दवाखान्यापर्यंत येणे, ह्याचा अर्थ काय होतो ते सांगावयास नको. अशा रुग्णाच्या कागदावर ‘औषधप्रतिकार’ हा शब्द पडणे म्हणजे मुकादम, उचल आणि अंतर ह्या सर्वांचा दोष पेशीच्या माथी मारणे होय. त्यावर दुसरी गोळी वाढविणे हा उपाय नव्हे.

‘मधुमेहाचे औषध’ ह्या पदाचीही थोडी झडती घेतली पाहिजे. येथील षष्ठी काय सांगते? आपल्या वैयाकरणांच्या परंपरेत षष्ठी ही कारकविभक्ती मानली जात नाही. तिचा संबंध क्रियेशी नसून दुसऱ्या नामाशी असतो. ‘उंदराचे औषध’ उंदराला मारते, ‘डोकेदुखीचे औषध’ दुखणे थांबवते, आणि कपाशीवर फवारतात तेही ‘औषध’च. औषध काय करते हे षष्ठी सांगत नाही. ते कोणाच्या नावावर आहे एवढेच सांगते. पायोग्लिटाझोन मधुमेहाच्या नावावर आहे ते इतिहासामुळे, त्याच्या कार्यामुळे नव्हे. ग्राहीवरील त्याची क्रिया दोन्ही ठिकाणी एकच आहे.

हा इतिहास किती लहरी असतो ह्याची दोन उदाहरणे पुरेत. आज मधुमेहाचे प्रमुख औषध म्हणून घरोघर पोहोचलेले मेटफॉर्मिन १९४९ च्या सुमारास फिलिपीन्समध्ये यूसेबिओ गार्सिया ह्या वैद्याने इन्फ्ल्युएन्झावर वापरले होते. मधुमेहावरील त्याचा प्रयोग फ्रान्समध्ये झाँ स्टर्न ह्यांनी १९५७ मध्ये प्रसिद्ध केला. उलट बाजूने, इमॅटिनिब हे ‘ल्युकेमियाचे औषध’ बालपणी वा तारुण्यात जडणाऱ्या पहिल्या प्रकारच्या मधुमेहावर दिल्याचा प्रयोग २०२१ मध्ये प्रसिद्ध झाला; वर्षअखेर दिसलेला लाभ दुसऱ्या वर्षापर्यंत टिकला नाही, हा भाग निराळा. तेव्हा कोणते औषध कोणाचे, हे ठरविणारी षष्ठी फार विश्वासार्ह नाही. खेरीज पायोग्लिटाझोन मूत्राशयाच्या कर्करोगाच्या भीतीने फ्रान्सने २०११ मध्ये थांबविले, भारतात जून २०१३ मध्ये त्यावर बंदी आली आणि जुलैअखेर धोक्याच्या इशाऱ्यासह ती उठली. एका कर्करोगाच्या संशयात सापडलेले औषध दुसऱ्यावर योजले जावे, हेही ह्या नावातून कोणास कळणार नाही.

व्यवहारात मात्र ही षष्ठी परिणाम घडवते. बीडकडील बोलीत मधुमेह म्हणजे ‘शुगर’, आणि हे औषध म्हणजे ‘शुगरची गोळी’. ल्युकेमियाच्या रुग्णास ती दिल्यास ‘मला शुगर नाही’ म्हणून तो ती बाजूस ठेवील. आणि ‘शुगरच्या गोळीने रक्ताचा कॅन्सर हटतो’ असे छापून आल्यास दुसरा कोणी शेजाऱ्याकडून मागून घेईल. त्यातही ‘शुगरची गोळी’ म्हणजे पायोग्लिटाझोन की मेटफॉर्मिन, हा भेद तेथे उरत नाही. मेटफॉर्मिनची कथा वेगळी आहे. मेक्सिकोतील संशोधकांनी २०१८ मध्ये तीव्र लसिकाजन्य ल्युकेमियात रसायनोपचाराच्या जोडीला त्याचा उपयोग केल्याचा अहवाल दिला. तेथे पेशी आत आलेले औषध एका प्रथिनाच्या पंपाने बाहेर फेकते. ‘प्रतिकार’ हा शब्द शोभतो तो येथे. पण त्याच मेटफॉर्मिनची स्तनाच्या कर्करोगात ३,६४९ रुग्णांवर कसोटी घेतली गेली तेव्हा, २०२२ च्या अहवालानुसार, निरौषध गोळीहून अधिक लाभ दिसला नाही. लहान प्रयोगांची आशा मोठ्या प्रयोगात टिकतेच असे नाही.

अशा कसोट्या पायोग्लिटाझोनच्या वाट्याला का येत नाहीत, ह्याचे एक कारण कायद्यात आहे, आणि तेही अखेर एका शब्दापाशी येते. ज्ञात पदार्थाचा केवळ नवा गुणधर्म वा नवा उपयोग शोधणे हा भारतीय एकस्व कायद्याच्या कलम ३(ड) प्रमाणे आविष्कार ठरत नाही. ह्याच कलमाखाली १ एप्रिल २०१३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने इमॅटिनिबच्या एका स्फटिकरूपास एकस्व नाकारले. वाद ‘परिणामकारकता’ ह्या शब्दाच्या अर्थाचा होता : औषधाच्या बाबतीत तिचा अर्थ रोग हटविण्याची क्षमता असाच घ्यावयाचा, स्फटिक चांगला वाहतो वा टिकतो येवढ्याने भागत नाही, असा निर्णय झाला. मराठीत ‘गुण’ हा शब्द दोन्ही अर्थांनी चालतो. पदार्थाचा गुण निराळा आणि औषधाचा ‘गुण येणे’ निराळे. न्यायालयाने जो भेद मोठ्या विस्ताराने केला तो मराठी भाषक क्रियापदाने करतो. ह्या निर्णयाने इमॅटिनिब गरिबाच्या आवाक्यात राहिले. परंतु त्याच तत्त्वाने, जुन्या स्वस्त गोळीचा नवा उपयोग सिद्ध करण्यासाठी पैसा ओतण्यात कोणा कंपनीला स्वारस्य उरत नाही. तो भार सार्वजनिक संस्थांनीच उचलावयाचा आहे.

जुन्या औषधाच्या नव्या उपयोगास मराठीत काय म्हणावे? ‘पुनर्वापर’ म्हटले की रिकाम्या बाटल्या आठवतात. ‘पुनरुपयोजन’ उच्चारास जड, आणि ‘पुनः’ मुळे तेच काम पुन्हा असा भास होतो. जुन्या वैद्यकग्रंथांत योग रोगवार ‘अधिकारां’खाली मांडलेले असतात, आणि एकच योग अनेक अधिकारांत येतो, ‘अधिकारविस्तार’ हा शब्द त्या दृष्टीने सुंदर आहे, पण आजच्या वाचकास त्यात सरकारी परिपत्रकाचा वास येईल. पदनामकोशाची ‘बदनामकोश’ म्हणून झालेली थट्टा अजून विस्मृतीत गेलेली नाही. ‘प्रयोजनांतर’ हा त्यातल्या त्यात निर्दोष पर्याय वाटतो. आणि ही घटना भाषकांना अपरिचित नाही. तेल हे मूळचे तिळाचेच. आज करडईचेही तेल असते आणि ‘तिळाचे तेल’ ही द्विरुक्ती कोणास वाटत नाही. मुकुंदराजाने शके १११० मध्ये ‘विवेकसिंधु’ रचून वेदान्ताचे शास्त्र मराठीत आणले असे परंपरा मानते. तो ग्रंथ भंडाऱ्याकडील आंभोऱ्याचा की आंबेजोगाईचा हा वाद बाजूस ठेवू. पण ज्या आंबेजोगाईत त्याची समाधी दाखवितात तेथेच आज ग्रामीण वैद्यकीय महाविद्यालय आहे, आणि गुरुशिष्यांच्या प्रश्नोत्तरांतून अवघड विषय उलगडण्याची त्याची रीत तेथील बाह्यरुग्ण विभागात निरुपयोगी ठरण्याचे कारण दिसत नाही.

राहता राहिला प्रश्न त्या २०१५ च्या निबंधाच्या शीर्षकाचा. मूलपेशींच्या साठ्याची ‘धूप’ होते, अशी प्रतिमा त्यात आहे. इंग्रजीत ती चालून गेली. मराठीत, निदान बालाघाटाच्या उतारावरील शेतकऱ्याच्या मराठीत, धूप म्हणजे माती वाहून जाणे, म्हणजे केवळ अनर्थ. शिवाय पेशी प्रथम जाग्या होतात आणि मग मरतात, हा क्रम त्या प्रतिमेत बुडतो. त्याच शेतकऱ्याला हा क्रम दुसऱ्या नावाने ठाऊक आहे. मृगाच्या पहिल्या पावसाने जमिनीतले तणाचे बी उगवू द्यावयाचे, आणि ते वर आले की पेरणीपूर्वी वखराची एक पाळी द्यावयाची. बी जमिनीत निजलेले असेतो वखर त्याचे काही करू शकत नाही. पायोग्लिटाझोन हा तो पाऊस आणि इमॅटिनिब हा वखर, असे म्हटले तर संशोधनाचा गाभा एका वाक्यात सांगून होतो, आणि पाऊस एकटा पडून वखर फिरलाच नाही तर काय होईल, म्हणजे ‘शुगरची गोळी’ सुरू करून मूळ गोळी सोडली तर काय होईल, हेही निराळे समजावून द्यावे लागत नाही. मात्र वखर फिरतो तेव्हा शेतात पीक नसते. रुग्णाच्या मज्जेत निरोगी मूलपेशीही त्याच वेळी नांदत असतात. त्यांना ह्या प्रतिमेत अद्याप जागा सापडलेली नाही.